खोली राहील

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मिस्त्री, लाकडी कोठीचं काम तुमच्या हातचं. त्यावर लिहा. जरा उमेदीचं लिहा, सणाचा अंक आहे." मी हो म्हणून बसलो. कागद घेतला तर उमेदीचं काही आठवेना. जे आठवलं ते लिहितो. पसंत पडलं तर छापा, नाही तर चिवड्याच्या पुड्या बांधा, मला राग नाही.

मी सुतार. गाव सावली तालुक्यातलं, पण उभी हयात चंद्रपुरात गेली. दारं, चौकटी, दिवाण, देव्हारे, तिरड्यासुद्धा केल्या. पण लोक मला ओळखतात ते लाकडी कोठीवाला मिस्त्री म्हणून. परकोटाच्या आत, बाजाराच्या मागच्या अरुंद गल्लीत ही दुमजली कोठी आहे. इंग्रजांच्या काळात एका लाकूड कंत्राटदारानं बांधली. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान नदीतून आणि बैलबंड्यांवरून आलं, त्यातलं विकायचं ते विकलं आणि डोळ्यांत भरलं ते घराला लावलं. खांब असे की दोन माणसांनी मिठी मारावी. मधली बरीच वर्षं ती कुलपात पडून होती. मग कंत्राटदाराच्या नातवाच्या मनात आलं की दुरुस्त करून विकावी. नातू नागपूरला राहतो. आम्ही त्याला मालक म्हणायचो, इथंही तेच म्हणतो.

काम झालं, कोठी उभी राहिली, विकली गेली. वर्तमानपत्रात फोटो आला. त्या कोठीत एक माणूस तीस वर्षं राहत होता, तो आता तिथं राहत नाही. त्याच्या जाण्यात माझा हात आहे. सांगायचं ते एवढंच, बाकी सगळा भुसा.

त्या माणसाचं नाव जैतू मडावी. गोंड. मूळचा जिवतीच्या पहाडावरचा. तो आणि मी जोडीनं आरा ओढायचो.

आजच्या पोरांना आरा म्हणजे विजेवर किंचाळणारी मशीन. आमच्या वेळी आरा माणसं ओढायची. उंच घोडीवर ओंडका चढवायचा, गेरूत भिजवलेल्या दोरीनं त्यावर सूत मारायचं, म्हणजे लाल रेघ उमटते. एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली. मधे माणसाएवढं पातं, दोन्ही टोकांना मूठ. वरचा रेघेवर नजर ठेवतो आणि आरा वर उचलतो. खालचा ओढतो. लाकूड कापलं जातं ते खाली येताना, म्हणजे खरा जोर खालच्याचा. पण फळी सरळ निघाली तर नाव वरच्याचं. वाकडी निघाली तर "खालच्यानं बिघडवली." ही आमच्या धंद्यातली रीत, मी नाही पाडली. पण मोडलीही नाही.

मी वरचा होतो. जैतू खालचा.

खालच्याला उस्ताद पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. वर पाहायचं नाही. वर पाहिलं की भुसा थेट डोळ्यांत. डोळे जमिनीकडं ठेवायचे आणि वर काय चाललंय ते हातानं ओळखायचं. जैतू त्यात इतका तयार होता की मी श्वास रोखला तरी त्याला मुठीतून कळायचं. लाकडात गाठ आली की माझा हात क्षणभर अडायचा. तोंडातून शब्द निघायच्या आधी खालून आवाज यायचा, "गाठ हाये काय?" मी म्हणायचो, "हाये." मग दोघंही दमानं घ्यायचो. कधी माझंच लक्ष उडालं, रस्त्यानं जाणारी बाई पाहत राहिलो, तरी खालून विचारायचा, "गाठ हाये काय?" मी म्हणायचो, "नाई, साडी हाये." हसत सुटायचा येडा, आणि हसताना तोंडात भुसा जायचा.

वर न पाहूनही भुसा जातोच. वर्षानुवर्षं गेला. मशिनी आल्या, हाताचा आरा बंद पडला, मी सुतारकामात शिरलो, आणि जैतूच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. डॉक्टर म्हणाले उशीर केलात. उशीर काय केला, काम होतं. मी तेव्हाच्या जुन्या मालकाकडं, म्हणजे या मालकाच्या बापाकडं गेलो आणि कोठीची चौकीदारी त्याला मिळवून दिली. आंधळा चौकीदार म्हणून गल्ली हसली. पण जैतूला पावलं कळायची. पोस्टमनचं, कुत्र्याचं, चोराचं, सगळी वेगळी. मागच्या अंगणातली खोली त्याला राहायला दिली. तिथंच संसार केला, तिथंच बायको गेली. आमचा जुना आरा त्यानं त्या खोलीत खुंटीला टांगून ठेवला होता. मी म्हणायचो, "भंगारात दे ना बाप्पा." तो म्हणायचा, "राहू दे. तो बी आता आपल्यावानीच हाये."

तर दुरुस्तीचं काम निघालं. पुण्याहून आर्किटेक्ट बाई आल्या. पोरगी हुशार, उगीच कशाला वाईट बोलू. मधे कधीतरी कोणी अकलेच्या कांद्यानं माजघराची मयाल, म्हणजे मोठी तुळई, बदलून तिथं आडजात लाकूड घातलं होतं. सागवानाच्या घरात आडजात! वाळवीनं ते आतून चाळणी करून टाकलं होतं. बाई म्हणाल्या, नवी तुळई सागाचीच हवी, आणि मशीनवर कापलेली नको. जुन्या लाकडांच्या अंगावर हाताच्या आऱ्याचे तिरपे ओरखडे आहेत, तसेच हिच्यावरही हवेत. "असं कापणारं कुणी उरलंय का हो?"

मी मागच्या खोलीत गेलो. जैतू तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत होता. म्हटलं, "जैत्या, आरा उतरव. बोलावणं आलं."

"कोनाले?"

"तुले आन् मले."

"डोये?"

"ते मी पाहतो. तू ओढ."

"मंग काय," तो म्हणाला. "आता फूलच पडलं हाये, आनखीन काय पडाचं राह्यलं?"

मागच्या अंगणात घोडी बांधली. दोन म्हातारे, दोघांच्या कमरा गेलेल्या. पहिल्या दिवशी हातभरसुद्धा कापलं नाही. तिसऱ्या दिवशी हात बसले. बाईंनी मोबाईलवर चित्र घेतलं, बघायला गल्ली जमली. मला सांगायला लाज वाटत नाही, आयुष्यात इतकं सुख मला दुसऱ्या कामानं दिलं नाही. तुळई चढली त्या दिवशी जैतूनं तिच्यावर हात फिरवला, ओरखडे बोटांनी मोजल्यासारखे केले आणि म्हणाला, "सरळ हाये ना?" मी म्हटलं, "सुतात हाये." माझंच नाव झालं, रीतीप्रमाणं.

त्यानंतर जिना आला. आता जिन्याचं सांगतो, म्हणजे माझं पाप समजेल. कोठीचा जिना अर्धा कोसळलेला होता. एकही लोखंडी खिळा नसलेला, नुसत्या खाचेत बसणाऱ्या कुसवांवर आणि लाकडी खुंट्यांवर उभा असलेला वळणाचा जिना. असं काम माझ्या आज्यानं पाहिलं असेल, मी नव्हतं केलं. मी तो उलगडला, पायरी न् पायरी आकडे घालून ठेवली आणि परत चढवायला घेतला. रात्री झोपेतही पायऱ्या दिसायच्या. बायको म्हणायची, "जिन्यासंगच लगन लावाचं होतं." तिचं बरोबर होतं.

जिना अर्धा चढला आणि मालक नागपूरहून आले. हातात कागद. मला बाजूला घेतलं.

"मिस्त्री, मागच्या खोलीतल्या मडावीचा या कागदावर अंगठा पाहिजे. वकील म्हणतात, विकायच्या आधी कागद साफ पाहिजे. तुमचं ऐकतो तो. तुम्हीच वाचून दाखवा."

मी वाचलं. वर पुष्कळ मजकूर होता, नाव, गाव, कामाचं वर्णन. खाली एक ओळ होती. सदर खोलीत मी मालकाच्या मेहेरबानीनं राहत असून मालक सांगतील त्या दिवशी ती विनातक्रार रिकामी करून देईन.

मी म्हटलं, "मालक, हा जाईल कुठं?"

"अरे, कोण काढतंय त्याला? खोली राहील. माझा शब्द आहे. घेणाऱ्यालाही सांगणार, खोली राहील म्हणून. हे फक्त कागदापुरतं." मग जिन्याकडं पाहत म्हणाले, "जिना लांबतोय मिस्त्री. नागपूरचा एक माणूस आहे, लोखंडी जिना आठ दिवसांत बसवतो म्हणतो. मी म्हटलं, नाही, आमचा मिस्त्री आहे."

धमकी होती काय? आजही शपथेवर सांगता येत नाही. गोड बोलणाऱ्याची हीच तर खुबी. पण मला ती बरोबर समजली. माझा जिना त्या कागदाला बांधलेला होता.

मी जैतूकडं गेलो. तो ओसरीवर बसला होता. मी शेजारी न बसता उभ्यानंच वाचायला लागलो. नाव वाचलं, गाव वाचलं, चौकीदार म्हणून काम केलं ते वाचलं. त्या ओळीपाशी आलो आणि थांबलो. फार नाही, पापणी लवते तेवढाच.

जैतू जमिनीकडंच पाहत होता. म्हणाला, "गाठ हाये काय?"

"नाई रे," मी म्हटलं. "चष्मा घसरला."

आणि ती ओळ सोडून खालची तारीख वाचली.

"मालक का म्हन्ते?" त्यानं विचारलं.

"खोली राहील म्हन्ते."

त्यानं अंगठा पुढं केला. शाई मीच लावली.

जिना पुरा झाला. एक खिळा नाही. मी त्याच्यावरून स्वतः दहा वेळा चढलो-उतरलो, कुठं कुरकुर नाही. बाईंनी पेढे वाटले. कोठीला बाहेरून चुना मारला, तो आमच्या खाणींच्या कोळशाच्या धुळीनं आठवड्यात करडा झाला तो भाग वेगळा. दारावर पाटी लागली. 'ऐतिहासिक लाकडी कोठी विकणे आहे. कार्यालय किंवा निवास, दोन्हींसाठी उत्तम.' मी जैतूला वाचून दाखवली. तो म्हणाला, "खरंच तर हाये. मी राह्यतो बी इथीच आन् डुटी बी इथीच." तेव्हा हसलो आम्ही.

किल्ली माझ्याकडं होती, त्यामुळं गिऱ्हाइकांना दाखवायचं कामही माझ्याच गळ्यात. काय एकेक नमुने आले! एक शिकवणीवर्गवाले आले, त्यांनी छत पाहिलं नाही, खांब पाहिले नाहीत, बाकं किती बसतील ते पावलांनी मोजत फिरले. मधला खांब काढता येईल का म्हणाले. मी म्हटलं, "येईल की. पण मग वरचा मजलाही मुलांसोबत बसवावा लागेल." एका पुढाऱ्याचा माणूस आला, तो गल्लीत उभा राहून साहेबांचा फोटो केवढा लागेल याचाच अंदाज घेत होता. एक गृहस्थ प्रत्येक खांबावर टिचकी मारून विचारायचे, "सागवानच ना? वरून चिकटवलेलं नाही ना?" शेवटी मीच म्हटलं, "साहेब, चावून पाहा."

मग डॉक्टर नवरा-बायको आले. खाली दवाखाना, वर राहणं, असा बेत. जिना त्यांना इतका आवडला की बाईसाहेब तीनदा चढल्या. सौदा जवळजवळ झालाच होता. निघताना मागच्या अंगणात गेल्या, तिथं जैतू उन्हात बसलेला. बाईसाहेबांनी सहज विचारलं, "बाबा, घर कसं आहे हो? शांत आहे ना? कुणी वाईट असं गेलंबिलं नाही ना इथं?"

जैतू खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "नाई जी, वाईट कोनीच नाई गेलं. माही बायको गेली ना इथीच, या खोलीत. बेस आरामात गेली."

डॉक्टरांनी बायकोकडं पाहिलं. दोघं तडक गाडीकडं निघाली. मी आतल्या आत म्हटलं, अहो, शंभर वर्षांचं घर आहे, कोणी मेलंच नाही असं हवं तर कालचं घ्या. तोंडानं मात्र "या परत" म्हणालो. ते आले नाहीत.

सौदा कशानं मोडला ते नागपूरला पोचलं, आणि तिसऱ्या दिवशी मालकाचा माणूस तो कागद घेऊन आला.

मी तेव्हा ओसरीच्या वरच्या कोरीव पट्टीचा सुटलेला तुकडा बसवत शिडीवर उभा होतो. खाली सगळं ऐकू येत होतं. त्या माणसानं ती ओळ मोठ्यानं वाचली. सांगतील त्या दिवशी, विनातक्रार. मग म्हणाला, "आजचाच दिवस समजा बाबा." जैतूनं वाद घातला नाही. आत गेला. पत्र्याची पेटी, दोन भांडी, घोंगडी. आरा जड होता, पेटीसोबत नेता येईना, तो खुंटीवरच राहिला. अंगणातून जाताना तो शिडीच्या पायथ्याशी थांबला. मी वर आहे हे त्याला ठाऊक होतं. माझ्या हातोडीचा आवाज कधीचाच बंद झालेला. मी उतरलो नाही. का नाही उतरलो, तुम्हीच सांगा, कारण माझ्यापाशी उत्तर आहे पण ते लिहिवत नाही. थोडा वेळ थांबून तो गेला. पुतण्या त्याला जिवतीला घेऊन गेला असं मला गल्लीतून कळलं.

पुढं कोठी गेली ती जंगलसफारी चालवणाऱ्या एका कंपनीला. खाली ऑफिस, वर साहेबांचं राहणं. कार्यालयही झालं, निवासही झाला, पाटी खोटी निघाली नाही. उद्घाटनाला मला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. माईकवर कोणी तरी म्हणालं, या हातांनी इतिहास वाचवला. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या, काय करता.

मग नवे साहेब पाहुण्यांना मागच्या अंगणात घेऊन गेले. मालकांनी दिलेला शब्द पाळला गेला होता. खोली राहिली होती. शेणानं सारवलेली, तीन दगडांची चूल मांडलेली, चुलीत कधी न पेटणारी लाकडं रचलेली. दाराला दोरी, आत जायचं नाही. बाहेर फलक, 'आदिवासी लाकूडकामगाराची खोली'. भिंतीवर आमचा आरा तेल लावून टांगलेला. उलटा टांगला होता. माझी मूठ खाली आणि जैतूची वर. एवढ्या पाहुण्यांत ते कोणालाच कळायचं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "मिस्त्री, असेच होते ना ते लोक?" मी शाल काढून खांद्यावर टाकली आणि म्हटलं, "होते नाई जी, हाये. जिवतीले हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जिवतीला निघालो. तिथून पुढं पायी. पुतण्याचं घर पहाडाच्या उतारावर, समोर कापसाचं हलकं रान. जैतू अंगणात खाटेवर बसला होता. मी फाटकातून दोन पावलं टाकली असतील.

"या मिस्त्री," तो म्हणाला.

पुतण्याच्या बायकोनं चहा केला. मी सोबत आणलेला नारळ तिच्या हाती दिला. बराच वेळ पावसाचं, कापसाचं बोलणं झालं. मग त्यानंच विचारलं, "खोली राह्यली काय?"

"राह्यली."

"आरा?"

"टांगला हाये. उलटा टांगला साल्यायनं. तुही मूठ वर."

जैतू हसला. अगदी पहिल्यासारखा, तोंड उघडं टाकून. ते हसणं मला सोसेना. इतक्या दिवसांत जे बोललो नाही ते त्याच्या खाटेपाशी उकिडवा बसून बोललो.

"जैत्या, चष्मा नोता घसरला. त्या कागदात गाठ होती. मी वाचली होती आन् सोडली. मले तो जिना पुरा कराचा होता."

"मालूम हाये."

"कवापासून?"

"तू थांबला ना वाचता वाचता, तवापासून. इतके साल तुया हाताखाली ओढलं, मले नाई समजनार?"

म्हटलं, "मंग बोल्ला काऊन नाई? अंगठा काऊन देला?"

तो समोरच्या रानाकडं तोंड करून बसला होता, पांढरे डोळे जमिनीकडं लावून. म्हणाला, "विचारलं ना मी, गाठ हाये काय म्हनून. वरचा नाई म्हन्ते तर नाई. खालच्यानं वर पाहाचं नसते, मिस्त्री."

मग सुनेला हाक मारून म्हणाला, "यायले आनखी थोडा चहा दे, गाडीले टाइम हाये."